माकडाचं फळ, पक्ष्याचं नाव

अंगणात एकटी लावली तरी फळणारी किवीची वेल म्हणून रोपवाटिकावाले ‘इस्साई’ या वाणाचं नाव घेतात. ऐकताना आपल्याला भलतंच काही आठवतं, पण शब्द जपानी आहे. अर्थ सरळ: एक वर्ष वयाचं. कोवळ्या वयातच बहरणाऱ्या झाडाला तिकडचे माळी हे विशेषण लावतात, विस्टेरियालाही लावतात. म्हणजे नावात सांगितलंय ते लवकर फळणं, आणि त्याच्यावर विकलं जातं ते जोडीदाराशिवाय फळणं. शेजारी नर वेल असेल तर इस्साईचीही फळं मोठी होतात, पण ते पाटीवर लिहायला कोण जातंय!

एरवी किवी विभक्तलिंगी. नर वेल निराळी, मादी निराळी. कोकम-जायफळाच्या बागायतदारांना हे दुखणं नवं नाही. किवीचं मादी फूल तर चक्क फसवतं: त्यात पुंकेसर असतात, परागही असतात, पण ते वांझ. मधोमध पांढरे कुक्षीवृंत चाकाच्या आऱ्यांसारखे फाकलेले. त्यांच्यावरूनच लिंडले या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने 1836 मध्ये या प्रजातीला ‘ॲक्टिनिडिया’ म्हटलं. ग्रीक ‘अक्टिस’ म्हणजे किरण. नर फुलात हे किरण नावापुरतेच. थोडक्यात, या घराण्याचं नाव मादीवरून चालतं.

मायदेशात मात्र नावात माकड आहे. चिनी ‘मीहोउताओ’ म्हणजे माकडाचा पीच. इस्साई ज्या जातीची, तिचं फळ द्राक्षाएवढं, बिनलवीचं, सालीसकट खायचं. जपानीत ते ‘सारुनाशी’, माकडाचं नासपती. हे फळ माणसाआधी कोण खातं, ते दोन्ही भाषांना पक्कं ठाऊक.

पक्षी आला तो व्यापारापायी. इझाबेल फ्रेझर या मुख्याध्यापिकेने 1904 मध्ये चीनमधून बी न्यूझीलंडला नेलं, 1910 मध्ये वांगानुईला वेली फळल्या, आणि फळाला नाव पडलं ‘चिनी गूजबेरी’. अमेरिकेला माल धाडताना हे नाव अडचणीचं ठरलं. ऑकलंडच्या टर्नर्स अँड ग्रोअर्स कंपनीने आधी ‘मेलोनेट’ सुचवलं. पण खरबुजांवर तिकडे जकात होती. मग 1959 मध्ये ‘किवीफ्रूट’ ठरलं. ‘किवी’ हा माओरी शब्द, त्या पक्ष्याच्या हाकेवरूनच आलेला.

न्यूझीलंडचा माणूस आजही फळाला ‘किवीफ्रूट’च म्हणतो, नुसता ‘किवी’ म्हणजे पक्षी, नाहीतर तो स्वतः. आपण ‘फ्रूट’ वाटेतच टाकून दिलं. त्यामुळे आपल्या वर्तमानपत्रात क्रीडापानावर किवी गारद होतात आणि आरोग्याच्या पानावर डेंग्यूच्या रुग्णाला किवी खाऊ घालतात. गोंधळ कुणाचाच होत नाही. पक्षी तो किवी, फळ ते किवी आणि वेल ती किवी: नर-मादीच्या या भानगडीत मराठीने तिन्ही लिंगं वापरून घेतली आहेत.