क्षमा कोणीं मागावयाची?

जपानी चित्रपटांविषयीं आपल्याकडे बोलणें निघालें कीं तें सामुराईंच्या तलवारींपलीकडे सहसा जात नाहीं. आणि जपानांतील माणसें सारीं एकाच जातकुळीचीं, असाही आपला एक सोयीचा समज आहे. शिमाझाकी तोसोन याच्या १९०६ सालच्या ‘हाकाइ’ या कादंबरीवरून निघालेले चित्रपट पाहिल्यावर हा समज टिकत नाहीं. ‘हाकाइ’ म्हणजे आज्ञाभंग.

कथानायक सेगावा उशिमात्सु हा नागानो प्रांतांतील इइयामा येथील शाळामास्तर. मेलेल्या जनावरांचें व कातड्याचें काम करणारे म्हणून ज्यांस पिढ्यान् पिढ्या विटाळाचे मानलें, त्या ‘एता’ लोकांत तो जन्मला आहे. कांहीं झालें तरी आपलें कूळ कोणास सांगूं नये, ही बापाची आज्ञा. १८७१ च्या सरकारी फर्मानानें हा भेद कायद्यापुरता मिटला होता. परंतु दुसऱ्याच वर्षीं झालेल्या कुटुंबनोंदींत कित्येक ठिकाणीं या लोकांपुढें ‘नवे सामान्यजन’ असा शेरा पडला, आणि जुना डाग नव्या शाईनें कायम झाला. आपल्याकडील वाचकाला हें फारसें परकें वाटणार नाहीं.

आतां अडचण अशी, कीं या लोकांचा चेहरा, भाषा, पोशाख, धर्म यांत इतरांहून वेगळें असें कांहींच नाहीं. चित्रपट ही तर दिसणाऱ्या गोष्टींची कला. जें दिसतच नाहीं तें नटानें दाखवावें कसें? १९४८ सालीं किनोशिता केइसुके यानें व १९६२ सालीं इचिकावा कोन यानें या प्रश्नास हात घातला. इचिकावाच्या चित्रपटांत नायकाचें काम इचिकावा राइझो या तलवारपटांतील लोकप्रिय नटाकडे आहे. तलवारबहाद्दर म्हणून लोकांनीं डोक्यावर घेतलेला तो देखणा चेहरा येथें पदोपदीं दचकतो, आणि प्रेक्षकाला उमगतें कीं भेद चेहऱ्यांत नसून पाहणाऱ्याच्या मनांत आहे. ही कांहीं जुनी गोष्ट नव्हे. १९७५ सालीं असें उघडकीस आलें, कीं बुराकु वस्त्यांच्या नांवांच्या याद्या चोरून छापल्या जात आणि नोकरीस माणूस घेण्यापूर्वीं बड्या कंपन्या त्या विकत घेत. डोळ्यांना जो भेद सांपडेना तो पैसे मोजून शोधावा लागला!

कादंबरीच्या शेवटीं उशिमात्सु वर्गांत गुडघे टेकून आपलें कूळ सांगतो, आजवर लपविलें म्हणून विद्यार्थ्यांची क्षमा मागतो, आणि टेक्सासची वाट धरतो. १९२२ सालीं क्योतो येथें या लोकांनीं स्वतः ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापिली आणि ज्या नांवानें हिणवलें जाई त्याचाच अभिमान जाहीर केला. अशा ताठ मानेच्या माणसांना हें गुडघे टेकणें कसें रुचावें? क्षमा मागावयाची ती कोणीं? १९३९ च्या आवृत्तींत तोसोननें हीनतादर्शक शब्द बदलले. १९५३ सालीं मूळ संहिता पुन्हां छापली गेली. मला तेंच योग्य वाटतें. शब्द पुसल्यानें अपमान पुसला जात नाहीं, पुरावा तेवढा नाहींसा होतो. गुडघे टेकण्याविषयींही माझें मत तेंच. तें उदात्त नव्हे. पण निरपराध माणसाला स्वतःचीच लाज वाटावयास लावणारा समाज किती खोलवर पोंचला होता, याची ती साक्ष आहे.

इचिकावानें टेक्सास मात्र गाळलें. त्याचा उशिमात्सु तोक्योस निघतो. लढा परदेशीं नव्हे, घरींच द्यावयाचा. सुइहेइशाच्या शताब्दीच्या वर्षीं, २०२२ सालीं, माएदा काझुओ यानें हीच कथा पुन्हां पडद्यावर आणली.

मीही पुष्कळ वर्षें वर्गापुढें उभा राहिलों आहें, म्हणून असेल, पण कादंबरींतील एक लहानसा प्रसंग माझ्या मनांतून जात नाहीं. कबुलीनंतर तींच मुलें मुख्याध्यापकांकडे जातात आणि आमच्या मास्तरांना राहूं द्या, अशी विनवणी करतात. मुख्याध्यापक ऐकत नाहींत.