सतरा जुलैचा मानीव दिनांक

सातिवलीत काकांच्या खोलीच्या खिडकीतून कारखान्यांच्या गाळ्यांचे पत्रे दिसतात, आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या कंप्रेसरची घरघर कानावर असते. काका निवृत्त सरकारी कारकून. हयात आस्थापना शाखेत गेली, म्हणजे इतरांच्या बढत्यांच्या फायली वर सरकवण्यात. त्यांच्या स्वतःच्या बढतीची फाईल मात्र तीन वर्षं एका कपाटात पडून राहिली. कुणी मुद्दाम अडवली असं नाही. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांचं नाव एका ओळीने खाली छापलं गेलं होतं, एवढंच. चूक सापडल्यावर सेवापुस्तकात लाल शाईने नोंद झाली: पदोन्नतीचा ‘मानीव दिनांक’ अमुक. म्हणजे तुम्ही त्या दिवशी वरच्या पदावर नव्हतात, पण होतात असं मानलं जाईल. वेतननिश्चिती काल्पनिक, रोख पैसे प्रत्यक्ष रुजू झाल्यापासून. काका आजही ते पान उघडून दाखवतात आणि म्हणतात, “बघ, तीन वर्षं कागदावर परत दिली.”

फील्ड मार्शल के. एम. करिअप्पांच्या कारकिर्दीच्या तारखा एकाखाली एक लिहून काढत होतो, तेव्हा हेच पान डोळ्यांपुढे आलं. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती म्हणून त्यांचं नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. १५ जानेवारी १९४९ रोजी त्यांनी सूत्रं हाती घेतली, म्हणून तो दिवस सेनादिन झाला. पण त्या तारखेच्या मागे तीस वर्षं सरकलं तर भलत्याच तारखा हाती लागतात: १ डिसेंबर १९१९, १७ जुलै १९२० आणि ९ सप्टेंबर १९२२. तिन्ही तारखा एकाच माणसाच्या एकाच नेमणुकीच्या आहेत.

पहिली तारीख इंदूरची. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी तरुणांना अधिकारी करण्यासाठी इंदूरच्या डेली कॉलेजात एक तात्पुरती कॅडेट शाळा उघडली होती. होळकरांच्या या शहरात कोडगूचा हा तरुण शिकला आणि आपल्या तुकडीत सातवा आला. १ डिसेंबर १९१९ रोजी तुकडी बाहेर पडली ती सेकंड लेफ्टनंट होऊन, पण ‘तात्पुरत्या’ कमिशनवर. पहिली नेमणूक मुंबईत, ८८व्या कर्नाटिक इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीत. तिथून १२५व्या नेपियर रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीत. या १२५ आकड्याचीही एक गंमत आहे. १९०३ साली सरसेनापती किचनेरने सगळ्या हिंदी पलटणींना नव्याने क्रमांक दिले, तेव्हा जुन्या मुंबई फौजेच्या आकड्यांत शंभर मिळवले. म्हणजे ही मूळची पंचविसावी मुंबई रायफल्स. मे १९२० मध्ये ही पलटण मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेली.

तिसरी तारीख, ९ सप्टेंबर १९२२, ही कायम कमिशन मिळाल्याची. पावणेतीन वर्षं हा अधिकारी तात्पुरता होता. आणि मधली तारीख, १७ जुलै १९२०, ही मानीव. ९ सप्टेंबर १९२२ ला दिलेलं कमिशन १७ जुलै १९२० पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झालं. वरवर पाहता ही उदार दुरुस्ती आहे: उशीर झाला, पण दोन वर्षं, एक महिना आणि तेवीस दिवस परत दिले.

मग मागे जायचंच होतं तर १ डिसेंबर १९१९ पर्यंत का गेले नाहीत? माणूस तेव्हापासून गणवेशात होता, पलटणीत होता. सतरा जुलै कुठून आली?

उत्तर दुसऱ्या एका तारखेत आहे. १६ जुलै १९२० रोजी इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजातून हिंदी कॅडेटांची पहिली तुकडी बाहेर पडली. इंदूरची मुलं त्यांच्या साडेसात महिने आधी अधिकारी झाली होती. फौजेत ज्येष्ठता ठरते ती कमिशनच्या तारखेवरून, आणि बढती ठरते ती ज्येष्ठतेवरून. इंदूरवाल्यांची मूळ तारीख कायम ठेवली असती तर ते सँडहर्स्टवाल्यांच्या वर बसले असते. म्हणून त्यांना सोळाच्या पुढची तारीख दिली, सतरा. बरोबर एका दिवसाने कनिष्ठ.

गॅझेटच्या ओळीत कारण नसतं. नाव, हुद्दा आणि तारीख, एवढ्यावर ती संपते. पण दोन तारखा शेजारी ठेवल्या की कारण आपोआप वाचता येतं. विलंब दुरुस्त करताना त्याच कलमाने पायरीही ठरवून टाकली. मला यात दुष्टपणापेक्षा कारकुनी नेमकेपणा जास्त दिसतो. कुणी तरी टेबलाशी बसून विचार केला असणार की सोळा नको, अठरा कशाला, सतरा पुरे.

आणि त्या नेमकेपणाची किंमत पाहा. पलटण मेमध्ये मेसोपोटेमियाला गेली. जूनच्या अखेरीस तिथे इंग्रजांविरुद्ध उठाव पेटला. आणि कागदानुसार करिअप्पांची सेवा सुरू झाली ती १७ जुलैला. मुंबईतले दिवस, समुद्रप्रवास, परमुलखातले पहिले आठवडे, हे सगळं ज्येष्ठतेच्या हिशेबात घडलंच नाही.

हिंदी माणसाच्या कमिशनच्या तारखांचा घोळ इथे सुरू झालेला नव्हता. व्हाइसरॉय कर्झनने विसाव्या शतकाच्या आरंभी डेहराडूनला इंपीरियल कॅडेट कोअर काढली, संस्थानिकांच्या आणि सरदारांच्या मुलांसाठी. तिथून निघालेल्यांना १९०५ पासून एक खास कमिशन मिळू लागलं, ‘नेटिव्ह इंडियन लँड फोर्सेस’चं. नाव भारदस्त, पण अधिकार हिंदी सैनिकांपुरताच. गोऱ्या शिपायाला हुकूम देता येत नसे. बारा वर्षांनी, २० ऑगस्ट १९१७ रोजी, भारतमंत्री माँटेग्यूने कॉमन्स सभेत हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची ती प्रसिद्ध घोषणा केली. त्याच सुमारास नऊ हिंदी अधिकाऱ्यांना खरं, राजाचं कमिशन जाहीर झालं. तारीख २५ ऑगस्ट १९१७.

या नऊ नावांत जयपूरकडचे कंवर अमर सिंह आहेत, ज्यांच्या रोजनिशीमुळे त्या जगाची आपल्याला ओळख झाली. आणि एक नाव आहे बाळासाहेब डफळे. डफळे हे जतच्या संस्थानिकांचं आडनाव. मराठी वाचकाने त्या यादीपाशी थांबावं ते या नावासाठी. आपल्याकडे सेनापती शंकरराव थोरातांबद्दल पुस्तकं आहेत, लष्करप्रमुख अरुणकुमार वैद्यांच्या नावाचे रस्ते आहेत. राजाचं कमिशन मिळालेल्या पहिल्या नवांतल्या या मराठी माणसाचं नाव मात्र साताऱ्या-सांगलीतही सहज कुणी घेत नाही.

परत करिअप्पांकडे. जून १९२३ मध्ये ते सातव्या राजपूत रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत आले आणि तीच त्यांची कायमची पलटण झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरसेनापती रॉलिन्सन यांनी ‘आठ पलटणीं’ची योजना जाहीर केली होती. आठ निवडक पलटणींत हळूहळू सगळे अधिकारी हिंदी होतील, अशी ती योजना. पहिली राजपूत त्या आठांत होती, आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटणही. योजनेची उघड बाजू हिंदीकरणाची. दुसरी बाजू अशी की हिंदी अधिकारी या आठ कप्प्यांतच राहिले, तर एखादा गोरा तरुण अधिकारी हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली येण्याची वेळच येणार नाही. तारखेने जे साधलं तेच आता भिंती बांधून साधायचं होतं.

पुढचा विलंब कॅप्टनपदाचा. १९२७ साली करिअप्पा कॅप्टन झाले, पण ते गॅझेटमध्ये यायला १९३१ उजाडलं. चार वर्षं! या वेळी तारीख पुढे ढकललेली नाही, नुसता कागद अडला. १७ जुलै १९२० पासून मोजलं तर १९२७ मध्ये सात वर्षं भरतात. त्या मानीव तारखेनेच पुढचा जिना ठरवला, हे इथे दिसतं. १९३८ साली ते मेजर झाले, म्हणजे अठरा वर्षांनी. हा हिशेबही १९२० पासूनच जुळतो.

गॅझेट उशिरा निघालं म्हणून काय बिघडलं, असं कुणी विचारेल. ज्याने आस्थापना शाखेत एक दिवस काढलाय तो विचारणार नाही. हुद्दा खांद्यावर असतो, पण हक्क छापील ओळीत असतो. काकांच्या भाषेत, ऑर्डर निघाली आणि ऑर्डर ‘आली’, यात संसार उभे राहतात आणि मोडतात.

१९३३ मध्ये करिअप्पा क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात गेले. तिथे प्रवेश मिळवणारे ते पहिले हिंदी अधिकारी. तिथून बाहेर पडणाऱ्याला रिवाजाप्रमाणे लगेच स्टाफची जागा मिळे. करिअप्पा मात्र पुन्हा पलटणीत, वायव्य सरहद्दीवर. स्टाफची जागा मिळाली मार्च १९३६ मध्ये, डेक्कन डिस्ट्रिक्टचे स्टाफ कॅप्टन म्हणून. हा विलंब दुरुस्त करणारी कुठलीही मानीव तारीख नाही. जागा न देणं याला कागद लागत नाही, म्हणून त्याची दुरुस्तीही होत नाही. मला हाच विलंब सगळ्यांत बोलका वाटतो. मग युद्ध आलं आणि माणसं कमी पडली, तेव्हा घड्याळ एकदम धावलं. १९४२ मध्ये पलटणीचं अधिपत्य मिळालं, तेही कुठल्याही हिंदी अधिकाऱ्याच्या आधी. नोव्हेंबर १९४४ मध्ये ब्रिगेडियर. बावीस वर्षांत जे अडलं ते दोन वर्षांत सुटलं.

इंग्रज गेल्यावर तारखांचं राज्य संपलं असं नाही. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात सँडहर्स्टहून ऑगस्ट १९२६ मध्ये अधिकारी झाले. पुढे लष्करप्रमुख झालेले थिमय्या आणि प्राणनाथ थापर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतले. कॉलेज एक, साल एक, मध्ये एक सत्र. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात, आराकानातल्या कांगॉच्या लढाईत थोरातांनी आपली पलटण लढवून डी.एस.ओ. हा युद्धसन्मान मिळवला. १९६० मध्ये पूर्व विभागाचे सेनापती असताना ‘लाल किला’ नावाच्या सरावातून चिनी हल्ला कसा येईल आणि आपल्याला काय कमी पडेल हे त्यांनी मांडलं. मे १९६१ मध्ये लष्करप्रमुखपदावरून थिमय्या निवृत्त होताना त्यांची शिफारस थोरातांसाठी होती. सरकारने नेमलं थापरांना. यामागे राजकारण होतं हे उघड आहे, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी या सेनापतींचं पटत नव्हतं. पण सरकारच्या हाती एक बिनतोड कागद होता: यादीत थापर वर आहेत. पस्तीस वर्षांपूर्वीचं सहा महिन्यांचं अंतर तेव्हा कामी आलं. पुढे दीडच वर्षात, नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून झालेल्या पराभवानंतर थापर पायउतार झाले. आणि थोरात? ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, म्हणजे लोकांच्या नेमणुकांच्या फायलींपाशी येऊन बसले.

करिअप्पांच्या खात्यात अजून एक उशिराची नोंद आहे. जानेवारी १९५३ मध्ये ते निवृत्त झाले. लष्करप्रमुख माणेकशॉंना १९७३ च्या आरंभी फील्ड मार्शलपद मिळालं. करिअप्पांना ते मिळालं १९८६ मध्ये; २८ एप्रिलला राष्ट्रपती भवनात खास समारंभ झाला, तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती. माणेकशॉंचं पद वेळेवर आलं तर पैसे अडले. फील्ड मार्शल कधी निवृत्त होत नाही, त्याला पूर्ण पगार लागू. तरी तो हिशेब मिटून एक कोटी रुपयांहून अधिक थकबाकी त्यांच्या हाती पडली ती २००७ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी.

हे सगळं टिपण घेऊन मी परवा काकांकडे गेलो. १ डिसेंबर १९१९ ते १७ जुलै १९२०, या न धरलेल्या सेवेचे दिवस मी समासात लिहिले होते: २२८. काकांनी चष्मा लावला. माणेकशॉंचा कोटीचा आकडा त्यांनी ओलांडला, थोरातांपाशी क्षणभर थांबले, मग माझ्याकडून पेन्सिल मागितली. बोटांच्या पेरांवर महिने मोजले. खाली गाळ्यात कुणी तरी पत्रा कापत होतं, त्या आवाजात त्यांचे ओठ नुसते हलताना दिसत होते.

“अरे, वीस साल लीप वर्ष,” ते म्हणाले, आणि २२८ वर बारीक रेघ मारून शेजारी २२९ लिहिलं. मग सवयीने खाली सही केली आणि तारीख घातली.