पन्नासच्या लेन्सची कुळकथा

मझौलीच्या विष्णुवराह मंदिरातल्या वराहाच्या अंगावर लहान लहान मूर्ती कोरलेल्या आहेत. गाभाऱ्यातल्या अपुऱ्या उजेडात त्या टिपायच्या, तर कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स कमी पडते. ५५ मिमीला ती एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ १.८ची ५० मिमी लेन्स, म्हणजे ‘फिफ्टी’, तिच्या साडेनऊ पट उजेड आत घेते आणि फ्लॅश पिशवीतच राहतो. एवढी गुणाची लेन्स सगळ्यांत स्वस्त कशी? उत्तर तिच्या कुळात आहे.

१८१७ साली गाऊस या गणितज्ञाने दुर्बिणीसाठी दोन भिंगांची जोडी मांडली. १८८८मध्ये अमेरिकेच्या अल्व्हान क्लार्कने अशा दोन जोड्या समोरासमोर बसवल्या. १८९६मध्ये झाइस कंपनीतल्या पॉल रूडॉल्फने त्यात जाड, चिकटवलेली भिंगं घातली आणि ‘प्लॅनर’ घडली. मधे डायफ्रॅम, दोन्ही अंगांना सारखीच रचना, त्यामुळे पुढच्या अर्ध्याचे बरेच दोष मागचा अर्धा भाग फेडतो. ही युक्ती मला आजही थक्क करते. अडचण एकच होती: काच आणि हवा आठ ठिकाणी भेटत, तिथे उजेड परावर्तित होई आणि चित्र धुरकट येई. १९३५मध्ये झाइसच्याच स्माकुलाने काचेवर लेप द्यायची रीत काढली, तेव्हा या रचनेचं खरं चीज झालं.

५० मिमी रूढ केलं ते १९२५च्या लायकाने. पुढे एसएलआर आले. त्यांत आरशासाठी लेन्स फिल्मपासून लांब ठेवावी लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी. रुंद कोनाच्या लेन्सला त्यासाठी जादा भिंगं लागतात, पन्नासला लागत नाहीत. सहा साध्या भिंगांत काम भागतं. स्वस्ताईचं मूळ इथे आहे.

कॅननने आपल्या एफ १.८ फिफ्टीच्या १९९०च्या दुसऱ्या आवृत्तीत माउंटही प्लास्टिकचा केला. वजन उरलं १३० ग्रॅम. मोटर कुरकुरायची, पण काचेची रचना १९८७च्या पहिल्या आवृत्तीचीच राहिली. काटकसर सांगाड्यात झाली, काचेत नाही, आणि हा निर्णय मला पूर्ण पटतो. २०१५च्या एसटीएम आवृत्तीत धातूचा माउंट परत आला.

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० मिमीसारखी वागते, तेव्हा घरातल्या छोट्या खोलीत ३५ मिमी बरी. एरवी पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) म्हणून फिफ्टीच घ्या, जुनी मिळाली तरी चालेल. फक्त बॅटरीचा झोत आरपार टाकून आत बुरशी नाही ना, ते बघून घ्या.