पाऱ्याकडून कार्बनकडे : एका वेदनाशामकाच्या मापनाचा इतिहास

औषधाच्या वेष्टनावर छापलेला आकडा आणि गोळीत प्रत्यक्ष असलेले द्रव्य यांचा मेळ बसतो की नाही, हे ठरविणे विश्लेषक रसायनशास्त्रज्ञाचे कार्य होय. पॅरासिटॅमॉलच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सचोटीच्या व्यापाराचा नाही. योग्य मात्रेत गुणकारी असणारे हे द्रव्य अतिमात्रेत यकृतास घातक ठरते. त्याच्या मापनाची विद्युत्-रासायनिक रीत कशी सिद्ध झाली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरावे.

१९२२ साली प्राग येथे यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी थेंबाथेंबाने गळणाऱ्या पाऱ्याचे विद्युत् अग्र वापरून पोलरोग्राफीचा पाया घातला. प्रत्येक थेंबाबरोबर नवा, स्वच्छ पृष्ठभाग मिळत असे. हेच या रीतीचे बळ. १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पाऱ्यास एक मर्यादा होती. विद्युत् अग्राचे वर्चस् धन बाजूस थोडे वाढविताच पाऱ्याचेच ऑक्सिडीभवन होऊ लागते. त्यामुळे क्षपणाच्या अभ्यासास तो उत्तम, पण ऑक्सिडीभवनाच्या अभ्यासास बहुधा निरुपयोगी.

पॅरासिटॅमॉलचे ऑक्सिडीभवन मात्र सहज होते. १८७८ साली मॉर्स यांनी बनविलेले हे संयुग दीर्घकाळ उपेक्षित राहिले. ॲसिटॅनिलाइडचा वेदनाशामक गुण वस्तुतः शरीरात निर्माण होणाऱ्या या संयुगाचा आहे, असे १९४८ साली ब्रोडी व ॲक्सेलरॉड यांनी दाखविले आणि १९५५-५६ च्या सुमारास ते अमेरिका व ब्रिटनमध्ये विक्रीस आले. औषध आले, पण त्या काळच्या सर्वांत नामांकित विद्युत्-रासायनिक साधनास ते मोजता येईना.

ही कोंडी फुटली ती एका फसलेल्या प्रयत्नातून. कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याप्रमाणे कार्बनचे थेंब पाडण्याची खटपट चालू होती. ती साधली नाही. तथापि ग्रॅफाइटची भुकटी व कार्बनी द्रव यांचा घट्ट लगदा उत्तम विद्युत् अग्र ठरतो, असे १९५८ साली आढळले. पृष्ठभाग मलिन झाल्यास वरचा थर पुसून टाकावा, की नवा तयार! अशा अग्रावर पॅरासिटॅमॉलचा रेणू दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रोटॉन गमावून क्विनोन इमाइन बनतो आणि त्या वेळी वाहणारा प्रवाह संहतीच्या प्रमाणात असतो. गोळीतील पिष्ट या विक्रियेत भाग घेत नाही. कॅफीनला तर बरेच अधिक वर्चस् लागते. म्हणून मिश्र गोळीतही मापन साधते.

१९६६ साली ब्रिटनमध्ये अतिमात्रेमुळे यकृतास झालेल्या इजेचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. पुढील संशोधनाने दाखविले की, यकृतातही याच रेणूपासून तेच क्विनोन इमाइन बनते. ग्लुटाथायोनचा साठा असेतो ते निरुपद्रवी केले जाते. साठा सरताच ते पेशींतील प्रथिनांस चिकटते.

ज्या विक्रियेमुळे हे द्रव्य मोजता येते, तिच्याच फलितामुळे ते विषारी ठरते. विश्लेषकाने गोळीतील मिलिग्रॅम काटेकोरपणे का मोजावेत, याचे याहून समर्पक कारण कोणते?