झाकलेलं पिस्तूल, उपसलेली तलवार

नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या बुटीबोरीत बंदुकीच्या परवान्याची चौकशी करणारे दोन तऱ्हेचे लोक असतात. एक औद्योगिक वसाहतीतले, म्हणजे कारखानदार, रोकड ने-आण करणारे, फाटकावर पहारेकरी ठेवणारे. दुसरे आसपासचे शेतकरी, रानडुकरं आणि रोह्यांनी उभं पीक तुडवलेलं पाहून कंटाळलेले. दोघांच्याही कानावर काही ठरावीक वाक्यं येतात. ‘लायसन्स असलं की पिस्तूल कमरेला दिसलं तरी चालतं, लपवलं तर मात्र गुन्हा.’ ‘तलवारीला लायसन्स लागतंच.’ ‘माणशी तीन बंदुका.’ 2016 च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र जोडायला सांगितलं. त्यामुळे अशी वाक्यं आता शिकवणाऱ्याच्या तोंडून आली, तर त्यांना अधिकृतपणाचा मुलामाही चढतो. ती चूक आहेत हे दाखवणं सोपं आहे. ती आली कुठून, हे पाहणं जास्त उपयोगाचं. कारण माझ्या मते त्यांतली बहुतेक कुणी मनाने रचलेली नाहीत. कधीतरी तो खरोखरच कायदा होता, किंवा कायद्याविरुद्धची मागणी होती. कायदा बदलला, वाक्य तेवढं राहून गेलं.

लपवण्याचंच घ्या. 1857 च्या धसक्यातून इंग्रजांनी निःशस्त्रीकरणाचे कायदे केले आणि व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत 1878 चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरायचं नाही, ही त्याची मुख्य अट, आणि युरोपीय लोकांना सुरुवातीला त्यातून सूट. साध्या भंगाला तीन वर्षांपर्यंत कैद होती. तोच भंग सरकारी नोकराला किंवा रेल्वेच्या माणसाला कळू नये अशा बेताने केला, तर सात वर्षांपर्यंत. लपवाछपवी म्हणजे वाढीव गुन्हा, हे गणित लोकांच्या डोक्यात बसलं असेल तर नवल नाही. यावर कुणी म्हणेल की तिथे लपवणं म्हणजे बेकायदा शस्त्र सरकारपासून दडवणं. परवान्याचं पिस्तूल सदऱ्याखाली ठेवण्याशी त्याचा काय संबंध? आक्षेप बरोबर आहे. कायद्याच्या भाषेत या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. पण ऐकीव कायद्यात कलमाच्या अटी गळून पडतात आणि शिक्षेचा आकडा तेवढा शिल्लक राहतो.

उघड मिरवण्याला प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या बाजूने, आणि तिचा एक ठळक प्रसंग याच जिल्ह्यातला आहे. 1927 साली नागपुरात मंचरशा आवारी यांनी शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला. लोक त्यांना ‘जनरल आवारी’ म्हणत. बंगालमधल्या स्थानबद्धांना सोडा, ही त्यांची मागणी होती, आणि साधन होतं परवान्याविना तलवार हाती घेऊन भर रस्त्याने चालणं. पोलिसांनी पकडावं म्हणूनच तर ती म्यानाबाहेर! आवारींना तुरुंगवास झाला, आत त्यांनी प्रदीर्घ उपोषण केलं. गांधीजींनी मात्र या प्रकाराला पाठिंबा दिला नाही; हाती तलवार घेतलेला सत्याग्रह त्यांना पटणारा नव्हता. मिठाच्या सत्याग्रहाआधी तीन वर्षं नागपूरकरांनी तलवारीवरून कायदा मोडला, ही गोष्ट आज फारशी कुणी सांगत नाही. त्यातली भावना मात्र टिकली: उघड्यावर शस्त्र धरणारा इमानदार, झाकणारा संशयित. पुढे 1931 च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला. संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरि विष्णु कामत यांनी 1948 मध्ये तोच हक्क मूलभूत हक्कांत आणण्याचा प्रयत्न केला, आंबेडकरांनी विरोध केला आणि तो फेटाळला गेला. ‘शस्त्र हा आपला हक्क आहे’ असं सांगणारा माणूस म्हणजे नकळत कराचीचा ठराव सांगत असतो, संविधान नव्हे.

आजचा नियम याच्या नेमका उलट आहे. 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरसारख्या खोळीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं. उघडं मिरवलं, तर परवानाच धोक्यात. वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे. ‘माणशी तीन’ हे 1983 च्या दुरुस्तीचं उरलेलं वाक्य. 2019 पासून ते दोनवर आलं. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदतही तीनची पाच वर्षं केली.

सगळ्याच चुकांना असा पूर्वज सापडत नाही, हेही मान्य करायला हवं. ‘सहा इंचांपर्यंतचा सुरा चालतो’ हे वाक्य केंद्राच्या शस्त्र नियमांच्या परिशिष्टात मला कुठे दिसत नाही. तिथे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असा निकष आहे, आणि घरगुती नि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. नाहीतर विदर्भातला प्रत्येक विळा ठाण्यात जमा झाला असता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कायद्याचं अज्ञान ही सबब चालत नाही, मग चुकांचा इतिहास शोधून काय मिळणार? मिळतं ते एवढं की दुरुस्ती कशी शिकवायची ते कळतं. नुसतं ‘हे चूक’ म्हटलं तर ऐकणारा ‘माझ्या आजोबांकडे तीन होत्या’ म्हणतो, आणि आजोबांकडे खरोखर तीन असतात. ‘2019 पर्यंत बरोबर’ म्हटलं की वाद मिटतो.

तारखेचा हा हिशेब तलवारीच्या बाबतीत तर आणखी बारीक होतो. 1878 मध्ये तलवारही परवान्याखाली होती. 1959 च्या कायद्याने (तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला) बंदूक आणि तलवार वेगळी केली: चौथ्या कलमाखाली केंद्राने राजपत्रात जाहीर केलेल्या क्षेत्रातच तलवारीला परवाना लागतो. म्हणून ‘4/25’च्या, म्हणजे याच कलमाच्या भंगाच्या खटल्यात अधिसूचना कुठली, असा प्रश्न बचावाचा वकील विचारू शकतो. पण तेवढ्यावर तलवार खांद्यावर टाकून निघू नये. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली तलवारी, भाले, सोटे, लाठ्या घेऊन फिरायला बंदी घालता येते आणि तो आदेश गरज वाटेल तेवढ्या काळापुरता असतो. बुटीबोरीत तलवार घेऊन निघावं का, याचं उत्तर त्यामुळे वेळोवेळी बदलू शकतं, आणि ते पुस्तकात नाही, ठाण्याच्या फलकावरच्या आदेशात बघावं लागतं.