ताटातले अन्न आणि शेजाऱ्याचे मन

वाळूजच्या माळावर १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आश्रयाने बजाजनगर वाढले. पोटापाण्यासाठी चहूकडून आलेली कुटुंबे येथे भिंतीला भिंत लावून राहू लागली. एका घरात रविवारी मटण शिजते, तर शेजारच्या घरात अंडेही चालत नाही. अशा वस्तीत मांसाहार योग्य की अयोग्य, हा प्रश्न आपणा कॅथलिकांना टाळता येत नाही. त्याचा विचार इतिहासाच्या आधाराने करणे आम्हांस इष्ट वाटते.

येथून जवळच वेरूळची जैन लेणी आहेत. त्या लेण्यांच्याही आधीपासून जीवहत्या टाळावी हा विचार या भूमीत रुजलेला आहे. आपल्या पवित्र शास्त्रालाही तो परका नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्याला अन्न म्हणून वनस्पती देतो. मांसाची मुभा मिळते ती जलप्रलयानंतर, नोहाला, आणि तीही रक्त वर्ज्य करून.

पहिल्या शतकात करिंथ नगरीत मूर्तींपुढे बळी दिलेल्या पशूंचे मांस बाजारात येई. ते ख्रिस्ती माणसाने खावे काय, असा वाद उठला. अन्नामुळे माणूस देवाच्या जवळ जात नाही, असे संत पौल सांगतात. परंतु आपल्या खाण्याने बंधूच्या विवेकाला ठेच लागणार असेल, तर मांस कायमचे सोडण्यास ते सिद्ध होतात. ख्रिस्तसभेने शुक्रवारचा मांसत्याग सांगितला तोही मांस अशुद्ध मानून नव्हे, तर प्रभूच्या दुःखसहनाच्या स्मरणार्थ.

महाराष्ट्रात मात्र अन्नाला जातीचा विटाळ चिकटला. गावची मेलेली जनावरे ओढण्याचे काम महार समाजावर लादले गेले. दारिद्र्याने ते मांस खाणे भाग पाडले आणि पुन्हा त्याच कारणाने त्यांची हेटाळणी झाली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. तो त्याग स्वाभिमानापोटी होता. मराठवाड्यातील कित्येक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज याच समाजातले, हे आपण विसरू नये.

पुढे १९७६ च्या कायद्याने राज्यात गोहत्येस बंदी आली. १९९५ ची दुरुस्ती २०१५ मध्ये अमलात येऊन बैल व वळूही तिच्या कक्षेत आले. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली; परराज्यात कत्तल झालेल्या जनावरांचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम मात्र खासगीपणाच्या हक्काच्या आधारे रद्द केले.

कायदा पाळणे हे नागरिक म्हणून आपले कर्तव्यच आहे. पण करिंथात काय किंवा महाडला काय, मांसत्यागाला मोल आले ते त्याग करणारा स्वतंत्र होता म्हणून. खोली भाड्याने देण्यापूर्वी ‘मांस खाता काय?’ असे विचारणारा घरमालक पशूवर दया करीत असेलही. माणसाला मात्र तो दारातूनच परत लावतो. उलट, शेजाऱ्याच्या व्रताच्या दिवशी आपण होऊन मटणाचे भांडे चुलीवर न चढविणे यात कमीपणा नाही. शेजाऱ्याच्या व्रताचा मान राखावा, आणि ताटावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्यास नम्रपणे, पण ठामपणे नाही म्हणावे. ही दोन्ही कर्तव्ये आपल्या पूर्वजांनीच आपल्याला सोपविली आहेत, असे आम्हांस वाटते.