झटक्यानंतर बदलणारे हृदय

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी पार पडली, रुग्ण चालतबोलत घरी परतला की संकट टळले, असा सर्वांचा समज होतो. हृदयाच्या दृष्टीने मात्र एक दीर्घ प्रक्रिया तेव्हा नुकतीच सुरू झालेली असते. झटक्यानंतर हृदयाचा आकार आणि रचना बदलू लागते. वैद्यकशास्त्रात याला 'रिमॉडेलिंग', म्हणजेच हृदयाची पुनर्रचना म्हणतात.

हे बदल प्रामुख्याने डाव्या जवनिकेत, म्हणजे सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या कप्प्यात होतात. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू मरतो. तो पुन्हा जवळजवळ तयार होत नाही. पहिल्या काही दिवसांत ही जागा मऊ पडून ताणली जाते व पातळ होते. सुमारे ६ ते ८ आठवड्यांत तेथे घट्ट व्रण तयार होतो. हा व्रण भिंत सांधतो, पण आकुंचन पावत नाही.

त्याचे काम उरलेल्या स्नायूवर पडते. रक्तदाब टिकविण्यासाठी शरीर अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन आणि अॅड्रेनालिन यांसारखी संप्रेरके अधिक प्रमाणात सोडते. सुरुवातीला त्यांचा आधार होतो. पण पुढे त्यांच्यामुळेच निरोगी स्नायू जाड होतो, त्यात तंतुमय ऊती वाढते आणि कप्पा फुगत जातो. लंबगोल जवनिका चेंडूसारखी गोल होते. कप्पा जितका मोठा, तितका भिंतीवरील ताण अधिक. आणि ताण वाढला की कप्पा आणखी फुगतो. या दुष्टचक्राचा शेवट हृदय निकामी होण्यात होऊ शकतो.

हे चक्र रोखता येते. अमेरिकेतील मार्क व जॅनिस फेफर या दांपत्याने १९८५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत कॅप्टोप्रिल या औषधाने कप्प्याचे फुगणे कमी होते, असे दाखविले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' चाचणीत २,२३१ रुग्ण होते. त्यांच्या हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के किंवा त्याहून कमी होती. मात्र हृदय निकामी होण्याची उघड लक्षणे नव्हती. तरीही औषध घेणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटले. बीटा ब्लॉकर आणि अल्डोस्टेरॉनला रोखणारी औषधेही क्षमता घटलेल्या रुग्णांना उपयुक्त ठरली आहेत.

म्हणूनच 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. कॅप्टोप्रिल गटातील औषधांनी काहींना कोरडा खोकला येतो. अशा वेळी गोळी परस्पर न सोडता डॉक्टरांकडून पर्यायी औषध घ्यावे. सांगितलेल्या मुदतीत इकोकार्डिओग्राफी पुन्हा करावी. आडवे झाल्यावर दम लागणे, पायांवर सूज येणे, काही दिवसांतच वजन वाढणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.